सव्विसावा रोजा

आमची पलटण तेव्हा ग्वाल्हेरात, लष्कर भागातल्या कंपूच्या लायनीत होती. मोठ्या लढाईत पूर्व आफ्रिकेला जाऊन आम्ही परत आलो त्याला दुसरा उन्हाळा लागला होता. मी हवालदार होतो आणि हेलिओची तुकडी माझ्याकडे होती. हेलिओ म्हणजे तिपाईवर बसवलेला आरसा. उन्हाची तिरीप दूरवरच्या माणसाच्या डोळ्यावर पाडायची, आणि ती लांब-आखूड तोडून अक्षरे पाठवायची. ऊन असेल तर दहा कोसांवर बातमी जाते. ऊन नसेल तर तो दाढी करायचा आरसा.

तुकडीत सगळ्यांत जलद हात नाईक करीमबख्शचा होता. तो ग्वाल्हेरातल्याच हजीरा वस्तीत राहणारा, माझ्याच वर्षी भरती झालेला. मराठी आमच्यासारखी बोलायचा, घाईत असला की हिंदीवर जायचा. आफ्रिकेत आम्ही दोघे एका बाटलीतले पाणी प्यायलो होतो. लायनीत परत आल्यावर हिंदूंचा माठ वेगळा आणि मुसलमानांचा वेगळा, हे पुन्हा सुरू झाले.

पलटणीत एक जुना रिवाज होता. तो कुठे लिहिलेला नव्हता. रमजानच्या महिन्यात मुसलमान शिपायांच्या दुपारच्या ड्यूट्या हिंदूंनी करायच्या. गणपती, दसरा आणि दिवाळीला आमच्या ड्यूट्या त्यांनी करायच्या. हवालदाराने यादी लिहितानाच नावे फिरवायची, साहेबाने सही करायची, आणि कोणी कोणाचे आभार मानायचे नाहीत. माझ्या आधीच्या तीन हवालदारांनी हे केले होते. मीही करत होतो.

त्या वर्षी रमजान ऐन मे महिन्यात आला. ग्वाल्हेरचा मे ज्याने पाहिला नाही त्याला सांगून उपयोग नाही. दुपारी बंदुकीच्या नळीला हात लावला तर फोड येतो.

करीमबख्शला ते वर्ष पुरे करायचे होते. तो लढाईवर गेला तेव्हा त्याच्या आईने मन्नत मागितली होती, की मुलगा जिवंत परत आला तर एका रमजानचे सगळे रोजे एकही न मोडता ठेवील. परत आला त्या वर्षी त्याला आफ्रिकेचा हिवताप चढला आणि सहा रोजे हुकले. ते त्याने नंतर भरून काढले, पण अम्माचे समाधान झाले नाही. भरून काढलेले वेगळे आणि अखंड वेगळे, असे तिचे म्हणणे. म्हणून तो या वर्षी हट्टाला पेटला होता. पंचवीस झाले होते.

सव्विसाव्या रोज्याच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्या इफ्तारीला बसलो होतो. बसायचो नेहमीच, थोडा बाजूला. किल्ल्यावर तोफ होईपर्यंत कोणी खजुराला हात लावत नसे. समोर शरबत, भिजवलेले चणे, खरबुजाच्या फोडी, आणि वीस माणसे गप्प. मग तोफ व्हायची. करीमबख्श हात पुढे धरून हळू आवाजात म्हणायचा, "अल्लाहुम्मा इन्नी लका सुम्तु..." इतकी वर्षे ऐकून ती दुआ मला पाठ झाली होती. मौलवीला विचारून अर्थही घेतला होता: हे अल्लाह, तुझ्यासाठी रोजा धरला, तुझ्यावर श्रद्धा ठेवली, तुझ्यावर भरवसा ठेवला आणि तू दिलेल्या अन्नाने तो सोडला.

त्या संध्याकाळी तो म्हणाला, "हवालदार, उद्याची रात्र बडी रात आहे, रमजानची सगळ्यांत मोठी. अम्मा खीर करणार. तू घरी ये."

"येतो," मी म्हणालो.

तेवढ्यात अर्दली यादी घेऊन आला. पुढच्या आठवड्यात बडे साहेब तपासणीला यायचे होते. त्याची रंगीत तालीम उद्या दुपारी, चांदमारीच्या मैदानापलीकडे. टेकडीवर हेलिओची चौकी, खाली कप्तानसाहेबांचा तंबू. मी टेकडीसाठी शिपाई पांडू मोरेचे नाव लिहिले होते. ते खोडून कप्तानसाहेबांनी वर करीमबख्श लिहिले होते. पांडूला खालच्या आरशावर टाकले होते.

मी कप्तानसाहेबांकडे गेलो. ते सरदारघराण्यातले, आमच्याच जातीचे. वय सव्वीस. लढाई त्यांनी नकाशात पाहिली होती.

"साहेब, करीमबख्शला रोजा आहे."

"ठाऊक आहे. त्याचा हात जलद आहे की नाही?"

"आहे, साहेब. तपासणीच्या दिवशी तोच राहील. तालमीला पांडू चालेल."

"साळुंखे, ही पलटण आहे की धर्मशाळा? ज्याची ड्यूटी त्याने करायची. बाकीचे नखरे बंद."

मी सलाम ठोकला आणि बाहेर आलो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण मी तोंड उघडले नाही. हवालदाराच्या वरची, जमादाराची एक जागा रिकामी होती आणि शिफारस कप्तानसाहेबांच्या हातात होती. मी म्हातारा झालो आहे, आता खोटे बोलून काय मिळवायचे? हेच कारण होते.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता निघालो. तीनला टेकडीवर पोचलो. करीमबख्श, मी, आरसा, तिपाई, दोन पाण्याच्या बाटल्या. वर झाड नाही, दगडाचा आडोसा नाही. खाली तंबू दिसत होता, साधारण दीड कोसावर. हुकूम असा होता की चौकी बंद करण्याचा संदेश आल्याशिवाय जागा सोडायची नाही.

पहिला तास ठीक गेला. त्याने अकरा संदेश पाठवले. मी दुर्बिणीतून खालचे वाचत होतो. आपल्या बाटलीतले पाणी त्याने पटक्यावर ओतून घेतले आणि बाटली रिकामी केली. "आता मोह नको," म्हणून हसला.

चार वाजून दहा मिनिटांनी त्याने एक अक्षर चुकीचे पाठवले. पाच वर्षांत मी त्याचे चुकलेले अक्षर पाहिले नव्हते. मी मान वर केली. त्याच्या तोंडावर घाम नव्हता. कातडी कोरडी आणि लाल होती. मी हात लावला तर तव्याला लावल्यासारखे झाले.

"खाली बस. पाणी पी."

"नाही."

"आजाऱ्याला सूट आहे. तूच सांगितलंयस मला."

"सूट आहे. अम्माच्या मन्नतीला नाही. तीन तास राहिले, हवालदार. निघून जातील."

मी त्याला तिपाईच्या सावलीत बसवले. ती सावली ती काय! मी स्वतः आरशावर गेलो. चार वीसला पाठवले: माणूस आजारी. डोली पाठवा. उतरण्याची परवानगी द्या.

चार पस्तीसला उत्तर आले. पांडूचा हात मी ओळखत होतो, तो अडखळत होता. "रोजेदारांचे बहाणे नकोत. जागेवर राहा."

पाचला मी पुन्हा पाठवले: माणूस गंभीर. उत्तर नाही. सव्वापाचला पुन्हा. उत्तर नाही.

मला लोक विचारतात की तेव्हाच त्याला पाठीवर घेऊन का उतरला नाहीस. मीही विचारतो. त्याचे वजन फार नव्हते. आफ्रिकेत त्याच्याहून जड माणसे मी वाहिली होती, गोळ्या चालू असताना. पण तिथे मला जमादार व्हायचे नव्हते. मी हुकूम पाळत बसलो.

पाच चाळीसला आंधी आली. पश्चिमेकडून पिवळी भिंत उठली आणि पाच मिनिटांत सूर्य गेला. वारा इतका की शेजारच्या माणसाचे ओरडणे ऐकू येईना. आरसा मेला. मी करीमबख्शच्या अंगावर पालथा पडलो आणि त्याच्या तोंडावर पटका धरला. तो बरळू लागला होता. मधेच शुद्धीवर यायचा, मधेच आफ्रिकेतल्या कोणाशी बोलायचा. माझ्या बाटलीत अर्धे पाणी होते. मी ती त्याच्या ओठांना लावली. त्याने दात घट्ट मिटले. शुद्ध नव्हती तेव्हाही मिटले.

सहा वाजून दहा मिनिटे झाली होती. तोफेला अजून पाऊण तासाच्या वर वेळ होता. अंधार मात्र दिवेलागणीसारखा पडला होता. मी त्याच्या कानाशी तोंड नेले.

"करीम, तोप झाली."

त्याने डोळे उघडले. "ऐकली तू?"

"ऐकली."

"मला नाही आली ऐकू."

"वारा आहे. मी ऐकली. आईची शपथ."

आईची शपथ घेतली मी. माझी आई तेव्हा जिवंत होती.

त्याने विश्वास ठेवला. त्याच्या बंडीच्या खिशात रुमालात बांधलेले तीन खजूर होते. एक मी फोडून बी काढून त्याच्या हातात दिला. त्याने दोन्ही हात पुढे धरायचा प्रयत्न केला, उजवा उचलेना. मी तो धरला. त्याने दुआ म्हटली. वाऱ्यात शब्द येत नव्हते, ओठ दिसत होते, आणि मला पाठ असल्यामुळे कुठपर्यंत आला ते कळत होते. दुआतला शेवटचा शब्द म्हणजे ‘मी रोजा सोडला’. तो शब्द त्याने माझ्या भरवशावर देवाला सांगितला.

खजूर गिळता आला नाही. पाण्याचे दोन घोट गेले. तिसरा बाहेर आला.

सहा पंचवीसला आंधी थांबली. ग्वाल्हेरच्या आंध्या अशाच असतात, आल्या तशा जातात. धूळ खाली बसली आणि पश्चिमेला सूर्य दिसू लागला. क्षितिजाच्या चांगला वर होता. मी त्याच्या डोळ्यांवर हात ठेवायला गेलो, पण उशीर झाला होता. त्याने सूर्य पाहिला. मग माझ्याकडे पाहिले. शिवी दिली असती तर मला बरे वाटले असते.

"एक कज़ा रह गया," तो म्हणाला. "ईद के बाद रख लूँगा." कज़ा म्हणजे हुकलेला रोजा, जो मागाहून भरून काढायचा. थोड्या वेळाने पुन्हा बोलला, "अम्मा को मत कहना."

मग मी त्याला पाठीवर घेतले. आरसा, तिपाई, हुकूम, सगळे टेकडीवर टाकून उतरू लागलो. शंभरेक पावले गेलो असेन. त्याचा गाल माझ्या मानेवर होता आणि त्याचा श्वास मला लागत होता. मग लागेनासा झाला. मी तसाच चालत राहिलो.

निम्म्या टेकडीवर डोली भेटली. पांडूने शेवटी सुभेदारांच्या कानावर घातले होते आणि त्यांनी कोणाला न विचारता ती पाठवली होती. पांडू बरोबर धावत आला होता. तो रडत होता. "दादा, साहेबांनी उत्तर देऊ नको म्हणून सांगितलं. मी काय करू?" त्याच्यात आणि माझ्यात फरक तो काय होता?

मैदानात आलो तेव्हा किल्ल्यावर तोफ झाली. डोलीवाल्यांत दोघे रोजेदार होते. ते थांबले नाहीत, तसेच डोली घेऊन चालत राहिले.

इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, दोन तास आधी खाली आणला असता, बर्फात ठेवला असता, तर काही आशा होती. दोन घोटांनी काही होणार नव्हते. म्हणजे मी त्याचा रोजा फुकट मोडला.

दुसऱ्या दिवशी कप्तानसाहेबांनी रिपोर्ट लिहिला. नाईक करीमबख्शने उपवासाच्या हट्टापायी वारंवार सांगूनही पाणी घेतले नाही, सबब उष्माघात. खाली साक्षीदार म्हणून माझी सही हवी होती. "यात खोटं काय आहे, साळुंखे?" त्यांनी विचारले. वाक्यात खोटे काही नव्हते. माझे संदेश त्यात नव्हते, एवढेच. मी सही केली. तपासणी छान झाली. बड्या साहेबांनी हेलिओच्या तुकडीची तारीफ केली. दसऱ्याला मी जमादार झालो. ड्यूट्या बदलण्याचा रिवाज मात्र त्या वर्षापासून बंद झाला. हिंदूंनीही सोडला आणि मुसलमानांनीही. दिवाळीला आम्ही आपापल्या पहाऱ्यावर उभे होतो.

मातीच्या तिसऱ्या दिवशी हजीऱ्याला अम्माकडे गेलो. ती ओसरीवर बायकांत बसली होती. मला पाहून तिने बायकांना गप्प केले.

"बेटा, तू साथ था?"

"होतो, अम्मा."

"तो सच बता. रोज़ा पूरा हुआ उसका? तोप के बाद खोला ना?"

सगळ्या बायका माझ्याकडे पाहत होत्या.

"हाँ, अम्मा. तोप के बाद. दुआ पढ़ के."

तिने पदर तोंडाला लावला. मग बायकांना म्हणाली, "सुना? मेरा बच्चा पूरा करके गया." आणि उठून तिने मला पाणी दिले. मी ते प्यायलो.

आफ्रिकेत पडलेल्यांची नावे दगडावर कोरली, तेव्हा करीमबख्शचे नाव त्यात बसले नाही. तो लढाईत मेला नव्हता. रिपोर्टाप्रमाणे तो हट्टाने मेला. तो कसा मेला हे पांडूला आणि मला ठाऊक होते. पांडू गेला. करीमबख्शने रोजा कधी सोडला हे एकट्या मला ठाऊक आहे.

अम्मा त्यानंतर बारा वर्षे जगली. दर ईदला मी हजीऱ्याला जात असे. ती मला समोर बसवून शेवया वाढायची आणि येईल त्या पाहुण्याला सांगायची, हाच तो, माझ्या मुलाचा रोजा यानेच सोडवला.