सुट्टी पाहून काढलेलं बाळ

अन्याय झाला तो माझ्या भाचीवर. पौषातल्या एका मंगळवारी, सकाळी साडेनऊला, ती जन्मली त्याच मिनिटाला. मुद्दाम सांगते, कारण घरात अजूनही "थंडीनं झालं" असंच म्हणतात.

थंडीनं नाही. आम्ही केलं.

ताईच्या पोटात बाळ पायाकडून होतं, म्हणून ऑपरेशन ठरलं. ऑपरेशनशी माझं भांडण नाही. पण दिवस कोणी ठरवला? पोलाद कारखान्याच्या रुआबांधा वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये दारामागे भाऊजींच्या शिफ्टचा तक्ता चिकटवलेला होता. फर्नेसवरच्या माणसाला रजा मिळायची मारामार. मंगळवारी ऑफ, बुधवारपासून बी शिफ्ट, दुपार ते रात्र. नर्सिंग होमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पंधरा-वीस दिवस इकडेतिकडे चालतं." दिवस भरायला अडीच आठवडे होते. मंगळवारभोवती लाल पेनानं गोल काढला तो मी. बायकांच्या हक्कांची पत्रकं गावभर वाटत फिरणारी मी!

भाची रडली नाही, कण्हली. नाकपुड्या फुललेल्या, बरगड्या आत ओढलेल्या. तिला ऑक्सिजन लावताना मुलांचे डॉक्टर चिडून म्हणाले, "कळा सुरू झाल्या की बाळाच्या फुप्फुसातलं पाणी ओसरू लागतं. हिला ना कळा मिळाल्या, ना दिवस. घाई कशाची होती?"

व्हरांड्यात ताईची सासू सुरू झाली, "आजकालच्या पोरींले कळा सोसवत नाही. मंग लेकरू असंच होते."

मी म्हटलं, "मावशी, ताईले कोणी विचारलं? तारीख तर आपण तक्ता पाहून काढली."

"तू कावून एवढी बोंबलून राहिली? लगन व्हायचं हाये तुहं."

"व्हायचं हाये म्हणूनच बोंबलून राहिली!"

ताई टाके धरून दूध काढायची, वाटी माझ्या हातात द्यायची आणि दरवेळी विचारायची, "माहं काय चुकलं वं?" तिचं काहीच चुकलं नव्हतं. पाचव्या दिवशी श्वास सुरळीत झाला आणि भाची पहिल्यांदा तिच्या कुशीत आली. ते पाहायला भाऊजी नव्हते. बी शिफ्टवर होते.

मी तक्ता फाडून आणला. त्याच्या कोऱ्या बाजूवर हे लिहिते आहे.

तुमच्या घरात कोणी तारीख ठरवत असेल, तर आत्ता उठा आणि डॉक्टरला विचारा: दिवस भरेपर्यंत थांबलं तर नेमकं काय बिघडेल? धोका असेल तर एक क्षण थांबू नका. धोका नसेल, तर कोणाच्याही सुट्टीसाठी सही करू नका.