बहिणी नव्हेत, जावा

मुलांनो, बाबांची दोन्ही जहाजं हुबेहूब सारखी होती का, असं तुम्ही परवा फोनवर विचारलंत. बाबांना आता नीटसं आठवत नाही, म्हणून मी, तुमची आजीच, लिहिते.

नव्वदच्या दशकात माझा मुलगा, म्हणजे तुमचे बाबा, प्रवासी जहाजावर वेटर होता. सुट्टीत सानपाड्याला घरी आला, तेव्हा दुसऱ्या जहाजावर बदली झाल्याचं कळलं. दोन्ही जहाजं एकाच आराखड्यावर बांधलेली. नव्या जहाजावर पहिल्याच दिवशी धोक्याच्या कवायतीत त्याला प्रवाशांना जीवरक्षक होड्यांपर्यंत न्यायचं होतं. चुकला असता, तर नोकरी गेली असती.

"टेन्शन नको, आई. सिस्टर शिप आहे."

माझ्या सासूबाई, म्हणजे त्याची आजी, शेजारी शेंगा सोलत होत्या. "बहिणी कसल्या रे? जावा म्हण. घर एकच, पण प्रत्येकीने चूल आपल्या सोयीने हलवलेली."

मला ते पटलं. त्याच्याकडे असलेले दोन्ही जहाजांचे नकाशे आम्ही जमिनीवर पसरून एकेक मजला ताडून पाहिला. केबिनी, जिने, पोहण्याचा तलाव, सगळं जुळत गेलं. जेवणघराच्या मजल्यावर मात्र नव्या जहाजाचं स्वयंपाकघर मागे सरकलं होतं आणि होड्यांकडे जाणारा जिना डावीकडून उजवीकडे गेला होता.

"आजी, चूल खरंच हलली की गं!"

"मग? घर बघितल्याशिवाय सोयरीक करू नये."

कवायत नीट पार पडली, नोकरी टिकली. दोन्ही जहाजं आता मोडीत निघाली आहेत, असं ऐकते. नकाशे माझ्या कपाटात आहेत आणि उजवीकडच्या जिन्याभोवती बाबांनी पेन्सिलीने काढलेलं वर्तुळ अजून दिसतं.