एकसष्ट टक्क्यांवर थांबलेला आवाज

शुक्रवार, १२ जानेवारी २०२४. रक्कम दोनशे रुपये, सार्वजनिक वाचनालयाची अनामत. हजर तिघे: मी, ग्रंथपाल मॅडम आणि माझे वडील. वडिलांचं तिथं काही काम नव्हतं. गाणं कुठून येतं ते पाहायचं म्हणून ते सोबत आले होते.

मी जाफराबादला एका जिनिंगवर काट्याचा कारकून आहे. कापसाची गाडी आली की वजन घ्यायचं आणि पावती फाडायची. वडील गवंडी होते. हात थरथरायला लागल्यावर त्यांनी थापी ठेवली. आईला जाऊन अकरा वर्षं झाली होती. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमांत ती भीमगीतं म्हणायची. पण तिचा आवाज आमच्याकडे कशातच नव्हता, साध्या मोबाईलमध्येसुद्धा नाही.

दिवाळीनंतर एकदा जेवताना वडील म्हणाले, "तुझ्या मायचा चेहरा हाय माझ्यापाशी. आवाज इसरून राह्यलो मी." एवढं बोलून त्यांनी भाकरी मोडली.

धावड्याच्या एका निवृत्त गुरुजींनी वाट दाखवली. तालुक्यात लाउडस्पीकर लावणारा एक माणूस जुन्या काळी कार्यक्रम टेप करून ठेवायचा. तो गेल्यावर कुणीतरी त्याच्या कॅसेटी कॉम्प्युटरवर घेतल्या आणि टोरेंटवर टाकल्या. "निवेदकानं तुमच्या आईचं नाव घेतलंय, मी ऐकलंय," गुरुजी म्हणाले. त्यांनी मात्र जागा नाही म्हणून सगळं पुसून टाकलं होतं. डाउनलोडचा दुवा तेवढा त्यांनी पेनड्राइव्हवर दिला.

टोरेंटमध्ये वस्तू एका दुकानातून येत नाही. ज्याच्याकडे ती आहे त्याच्या कॉम्प्युटरवरून तुकड्या-तुकड्यानं येते, आणि आपल्याला मिळालेले तुकडे आपण पुढच्याला द्यायचे असतात. हे गाठोडं ९.६ जीबीचं होतं. कॅसेटींना नुसते आकडे होते, नावं नव्हती, म्हणून सगळंच घ्यावं लागणार होतं. पूर्ण गाठोडं असलेला माणूस जगात एकच दिसत होता, तोही रोज अकरा ते दोन एवढाच. घरी मोबाईलच्या रेंजची एकच दांडी यायची. वाचनालयात वाय-फाय फुकट होतं.

पहिल्या दिवशी वडील खिडकीपाशी बसून होते. पडद्यावरची हिरवी पट्टी त्यांनी बराच वेळ पाहिली.

"किती झालं?"

"सहा टक्के, बाबा."

"ह्याच्यापरीस माझी भिंत जल्दी उठत होती."

मॅडम तोंडावर रजिस्टर धरून हसल्या.

मी रोज जेवणाच्या सुट्टीत जायचो. देण्याची बाजू मी बंद ठेवली होती. वाचनालयाची लाइन वाचकांसाठी आहे, तिच्यावरून परक्या माणसाला माल कशाला पाठवायचा, असा माझा हिशेब होता. चाळीस टक्क्यांवर अडकलेला दुसरा एक माणूस यादीत दिसायचा. त्याला मी काही दिलं नाही.

गुरुवारी, १८ तारखेला, आकडा ६१.४ वर आला. लॅपटॉपची वायर काढायला वाकलो तेव्हा कपाटामागच्या भिंतीवर एक कागद दिसला. पिवळा पडला होता, खालचा कोपरा उंदरानं खाल्लेला. त्यावर वाय-फायचे नियम होते. चौथा नियम: टोरेंट व फाइल शेअरिंग सक्त मना.

आमच्या काट्यावर एक रीत आहे. एखादी पावती चुकली तर ती रद्द करून तिच्यावर मॅनेजरची सही घ्यायची, आणि सही होईपर्यंत पुढची पावती फाडायची नाही. बाहेर गाड्यांची रांग लागो, शेतकरी ओरडो. तेवीस वर्षं मी ती रीत मोडलेली नाही. मी सरळ मॅडमच्या टेबलापाशी गेलो आणि सहा दिवस काय करत होतो ते सांगितलं.

त्यांनी चष्मा काढला. "काका, तुम्ही बोलला नसता तर मला कळलंच नसतं. तो कागद मी आल्यापासून कुणी वाचला नाही. आता बोललात, तर मला बंद करावं लागतं."

"परवानगी मिळेल का?"

"जालन्याला जिल्हा ग्रंथालय कार्यालयात अर्ज पाठवावा लागेल. पण कशाला? आज गप गेला असता तर उद्या..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

मी त्यांच्यासमोर बसून अर्ज लिहिला. विषय, कारण, फाइलचा आकार, राहिलेला आकार ३.७ जीबी.

घरी सांगितलं तेव्हा वडील म्हणाले, "तू मायचं गाणं मागून राह्यला का बंदुकीचं लायसन?"

"बाबा, नियम आहे."

"बराबर हाय. नियम हाय." मग म्हणाले, "तिकडच्या माणसाला कुठं ठाव हाय, इकडं म्हातारा बसलाय म्हणून?"

जेवढं आलं होतं त्यात कॅसेटींच्या अकरा बाजू पूर्ण होत्या. त्या आम्ही ऐकल्या. माइकची शिट्टी, 'हॅलो, हॅलो', हरवलेल्या मुलाची घोषणा, देणगीदारांची लांबलचक यादी. वडील आवाज ओळखायचे. "ही वाटूरची. लई वरचा सूर लावायची, मंग खोकायची." खरंच ती बाई खोकली. वडील हसले. बाजू संपली की दर वेळी विचारायचे, "न्हाई ना हिच्यात?"

नव्हती.

अर्जासाठी मी दोनदा जालन्याला गेलो. पहिल्यांदा साहेब दौऱ्यावर होते. दुसऱ्यांदा शिक्का असलेला माणूस रजेवर. घरच्या एका दांडीवर टोरेंटची यादी उघडण्यापुरती लाइन यायची. पूर्ण गाठोडं असलेला माणूस रोज दुपारी दिसायचा. २९ जानेवारीला दिसला. ३० ला दिसला नाही. पुढंही नाही.

परवानगी १६ फेब्रुवारीला आली. 'खास बाब म्हणून, एका दिवसाकरिता.' मॅडमनी स्वतः फोन करून बोलावलं, माझ्यासाठी खुर्ची पुसून ठेवली. मी अकराला बसलो आणि पाचला उठलो. ६१.४. देणारे शून्य. मॅडमनी मधे चहा आणून ठेवला, तो तसाच गार झाला.

घरी पोहोचून मी चपला काढल्या तेव्हाच वडिलांना कळलं असावं.

रविवारी, ३ मार्चला, सकाळी दाढी करता करता ते खाली बसले, ते उठले नाहीत. त्यांच्या जलदान विधीला गुरुजी धावड्याहून आले होते. "मिळालं का?" त्यांनी हळूच विचारलं. मी मानेनंच नाही म्हटलं.

१७ मे, शुक्रवार. सवयीनं यादी उघडली आणि देणाऱ्यांच्या रकान्यात एक होता. मी लॅपटॉप पिशवीत घातला आणि बसस्टँडवर गेलो. तिथं टॉवर आहे, फोनवरून लॅपटॉपला नेट देता येतं. हे मला जानेवारीतही माहीत होतं. वाचनालयापासून बसस्टँड चारशे पावलांवर आहे. १८ जानेवारीच्या दुपारी मी त्या बाकड्यावर जाऊन बसलो असतो तर उरलेलं फार तर तीन दिवसांत आलं असतं. बसलो नाही, कारण चुकलेल्या पावतीवर सही व्हायची होती.

त्या दिवशी एकाच बैठकीत सगळं आलं. आई चौऱ्याऐंशीव्या फाइलमध्ये होती. गाणं तीन मिनिटं बारा सेकंदांचं. दुसऱ्या कडव्याच्या आधी मागं एक मूल रडायला लागतं. आई माइकपासून तोंड वळवून म्हणते, "घ्या हो त्याला जरा." आणि जवळूनच एक तरुण माणूस म्हणतो, "घेतलं. तू म्हण." मूल गप होतं. ते मूल मी आहे. तो आवाज वडिलांचा आहे, पण तो मी आधी कधी ऐकला नव्हता, कारण मला आठवतो तेव्हापासून त्यांचा आवाज सिमेंटनं बसलेला होता.

मी ते पाच वेळा ऐकलं. शेजारी भोकरदनचा जीपवाला सीट भरत होता. "येता का, काका?" त्यानं दोनदा विचारलं.

पॅकमध्ये थोडा डेटा उरला होता. चाळीस टक्क्यांवर अडकलेला माणूस अजून यादीत होता, अजून चाळीसवरच. मी देण्याची बाजू चालू केली आणि पॅक संपेपर्यंत बसून राहिलो. तीनशे एमबी त्याच्याकडे गेले.

दोन जीबीची दोन पॅकं, एकोणतीस रुपयांप्रमाणे, एकूण अठ्ठावन्न रुपये. बसस्टँडसमोरच्या रिचार्जवाल्याला रोख दिले.