वैजापूरमार्गे संभाजीनगर, इको बंद करून

संभाजीनगरचं ते लग्न मी टाळणारच होते. लग्नांत हल्ली ड्रोन आणि जेवणाच्या रांगा यांपलीकडे बघण्यासारखं काही नसतं. पण वैजापूरहून आत्याचा फोन आला, "मला तुझ्या गाडीतून ने, अन् वाटंत जरा धीर दे." मंगलाष्टका आजीनंच म्हणायच्या, असा तिच्या नातीचा, म्हणजे नवरीचाच, हट्ट होता आणि गळ्याच्या ऑपरेशननंतर आत्या गायलीच नव्हती.

पुण्याहून पहाटे निघालात तर कोपरगावमार्गे दुपारच्या आत वैजापूर येतं. रस्ता बरा आहे, पाठीचं तुमचं तुम्ही बघा. 'अस्सल गावरान' असं लिहिलेल्या ढाब्यांवर थांबू नका, सगळीकडे तीच लाल तर्री मिळते. वैजापुरात बाजार समितीजवळच्या टपरीवर भजी खा. गरम असतात, स्वस्त असतात आणि पाटीवर कसलेही दावे नसतात.

आत्या गाडीत बसली आणि मी ब्राझीलचं एक गाणं लावलं. तिकडे ते घराघरांत माहीत आहे, ढोल-पिपाण्या लावून नाचायचं. नेटवर त्याची ढीगभर रूपं सापडतील, बहुतेक हॉटेलच्या लिफ्टमध्ये वाजवायच्या लायकीची. मी लावलेल्या रूपातल्या गायिकेनं मात्र सगळा फौजफाटा काढून टाकलाय. एक गिटार आणि तिचा आवाज, बस्स. ओळीआधी घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येतो. वरच्या सुरावर आवाज चिरकतो, ती तो लपवत नाही. क्षणभर थांबते आणि पुढचा शब्द जवळजवळ बोलल्यासारखा म्हणते. भाषेतलं मला ओ की ठो कळत नाही, तरी त्या जागी दर वेळी रडू येतं.

आत्या बाहेर कांद्याच्या ट्रॅक्टरांकडे बघत होती.

"हिचा बी फाटतोय की गं वर."

"फाटतो."

"तरी तसाच ठिवला?"

"ठेवला."

"परत लाव."

शहर येईपर्यंत दुसरं काही वाजलं नाही. संध्याकाळी गजरे घ्यायला औरंगपुऱ्यात गेलो. तिथे स्वतःची गाडी नेण्याचा शहाणपणा करू नका, रिक्षा करा.

ज्यांना अजिंठ्यापर्यंत जायचा कंटाळा येतो, त्यांच्यासाठी लग्नाच्या दिवशी मंगल कार्यालयाच्या दारातच थर्माकोलची लेणी उभी केली होती. पद्मपाणीच्या हातात कमळाऐवजी नवरा-नवरीचा फोटो. आत ऑर्केस्ट्राचा साउंडवाला आत्याला समजावत होता.

"मावशी, थोडा इको मारतो. गळा बसलाय ते कुणाला कळत बी नाय."

"कळू दे."

"मग ट्रॅक तरी लावू द्या."

"नको. माईक तेवढा ठिव, बाकी समदं बंद कर."

आत्यानं सुरुवात केली. हॉलमध्ये गप्पा चालूच होत्या. पहिलं 'सावधान' आलं आणि एकही अक्षता पडली नाही. कारण हल्ली 'सावधान' ऐकतं कोण? ऑक्टोपॅडचा धडाका झाला की मुठी उघडायच्या, एवढंच लोकांना ठाऊक. धडाका झालाच नाही. पाचशे माणसं मूठ आवळून बघत राहिली.

दुसऱ्या कडव्याला गप्पा थांबल्या. त्यांना गाण्याची गोडी लागली असा गैरसमज नको, तांदूळ कधी टाकायचे ते कळावं म्हणून कान दिले होते. पण दिले. तिसऱ्या कडव्यात आत्याचा आवाज वर चिरकला. ती थांबली, श्वास घेतला आणि पुढचा शब्द साध्या आवाजात म्हटला. नवरी अंतरपाटाआड रडत होती. मीही रडले, आणि त्याची मला लाज नाही.

महिन्याभरानं घरी लग्नाचा व्हिडिओ आला. मंगलाष्टकांवर व्हिडिओवाल्यानं सिनेमाचं गाणं चिकटवलंय, व्हायोलिनांसकट. आत्याचे नुसते ओठ हलताहेत. मीही रेकॉर्ड केलं नव्हतं. संतापून तिला फोन केला.

"बघितलं मी," ती म्हणाली. "जाऊ दे. धाकट्या नातीच्या लग्नात म्हणंन की परत. अन् ते बाईचं गाणं पाठव मला, रियाजाला बसायचंय."