आंबिलीच्या माठावर पहारा

कसं सांगू तुम्हाला, माझी फजिती मीच छापून घेऊन गेलो होतो!

बहात्तरचा दुष्काळ. पारनेरकडे खडी फोडण्याचं काम चालू होतं. मी शरीरशास्त्राचा प्राध्यापक, विलायतेहून डॉक्टरेट घेतलेला. 'ऊन लागणे : लक्षणे व उपाय' हे पत्रक मीच लिहिलेलं आणि तेच वाटायला आलेलो. अंगात कोट, गळ्यात टाय. एप्रिलात!

पाहतो तर काय? मजूर एकेक करून बाभळीमागे जातायत आणि तोंड पुसत परत येतायत. तिथे एक झाकलेला माठ. मी वास घेतला. आंबूस!

"दारू?"

"आंबील हाय, सायेब," गंगूबाई म्हणाली. साठीची बाई, हातातला हातोडा थांबेना. "मीठ घातलंय. घ्या घोटभर."

मला प्यायला लावून गप्प करणार काय? मी समोरच्या दगडावर पहारा धरला. भर उन्हात.

"सायेब, सावलीत या की."

"का? काय लपवायचंय?"

दोन तास गेले. मग माठाचे दोन माठ झाले. म्हटलं, बघा, साठा वाढवतायत! उठलो तर पाय भलतीकडेच.

मुकादम हसला. "ह्यो तर पिऊनच आलाय!"

गंगूबाई मात्र जवळ आली. "सायेब, नाव काय तुमचं?"

"गुप्त आहे!"

तिनं मानेला हात लावला. "आरं, तव्यावानी तापलाय अन् घामाचा टिपूस न्हाई. ऊन लागलंय ह्याला. उचला!"

सावलीत नेलं, कोट ओढून काढला. तिनं पिण्याच्या पाण्याची घागर उचलली.

मुकादम ओरडला, "मावशे, टँकर उद्या हाय!"

"माणूस आज हाय!" आणि अख्खी घागर माझ्यावर रिकामी.

बऱ्याच वेळानं भानावर आलो. चौघीजणी वारा घालत होत्या. कशानं? माझ्याच पत्रकांनी! मग आंबील दिली. मुकाट्यानं दोन वाट्या प्यालो.

"काय लिव्हलंय ह्यात?" गंगूबाईनं विचारलं.

मी वाचलं. "रोगी बरळतो, झोक जातो, अंग तापतं. त्याला सावलीत न्यावं, कपडे काढावे, पाणी ओतावं, वारा घालावा."

"हे तर आमाला ठावं हाय. ज्याला न्हाई त्याला द्या की."

तिथे असा माणूस एकच होता. पत्रकाखाली सही त्याचीच होती.