कर्कश कोण?

कर्वेनगरातल्या त्या सोसायटीत मी सोळा वर्षं जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी दिली. एका बुधवारी फाटकावर कागद दिसला : 'भांडेवालीचा आवाज कर्कश असतो. प्रवेश बंद.' वॉचमननं हात आडवा धरला. मी टोपली तिथंच उतरवली आणि सेक्रेटरींची वाट बघत बसले. ती घरं सुटली तर माझा आठवड्यातला सगळ्यात चांगला दिवस जाणार होता.

सेक्रेटरी निवृत्त शिक्षक, संस्कृतचे. आले.

"सर, कर्कश म्हणजे काय हो?"

"मूळ संस्कृत शब्द आहे, बाई. खडबडीत, कठीण. आधी तो हाताच्या स्पर्शाचा शब्द होता. आवाजाला नंतर लागला. आपल्याला काय करायचंय?"

मला करायचं होतं. लोकांचे कपडे पारखण्यात माझी हयात गेली. काठ अंगठ्यानं चोळला की कळतं, सुती कुठलं आणि चरचरीत नायलॉन कुठलं. त्यानं अंगठ्याची कातडी जाड झाली आहे. हातातला शब्द माझा, आणि तो हे गृहस्थ माझ्याच तोंडावर चिकटवणार!

"आता आलाच आहात, तर तीन पँटी आहेत," ते म्हणाले आणि घेऊनही आले. एक पातेलं उचललं. कानाशी धरून बोटाच्या पेरानं ठोकलं. टण्ण! "पातळ वाटतंय." पुन्हा ठोकलं. मग दुसरं घेऊन दोन्ही एकमेकांवर आपटली.

पहिल्या मजल्यावरून एक आजोबा ओरडले, "अहो, सकाळी सकाळी काय लावलंय?"

"ऐकलंत, सर? सोळा वर्षं दारोदार हेच चाललंय. मी गप्प बसते, वाजवतं गिऱ्हाईक."

"मी एकदाच वाजवलं."

"तीनदा. पातेलं हवंय? कागद काढा. आणि चौथी पँट आणा, या एकीचे गुडघे गेलेत."

"कागद समितीचा आहे."

"पातेलं माझं आहे." मी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं.

आता बुधवारी मी समोरच्या फुटपाथवर बसते. बायका गाठोडी घेऊन खाली येतात, मनसोक्त भांडी ठोकून घेतात. सेक्रेटरींची खिडकी रस्त्याकडेच आहे, ती बंद असते. पण ज्या म्हाताऱ्यांना जिना उतरवत नाही, त्यांचे कपडे कपाटातच राहिले. ते गिऱ्हाईक माझं होतं. कागद अजून तिथंच आहे. मी दर बुधवारी वाचते.