सेट बंद का पडला?

लोकांना वाटतं, डिझेल जनरेटरची, आमच्या भाषेत सेटची, दुरुस्ती म्हणजे नुसतं तेल आणि धूर. पण मी आणि माझा जोडीदार जनूदादा मोटरसायकलवर शहापूर-मुरबाड पालथं घालतो, आणि संध्याकाळी घरी येतो तेव्हा जेवताना सांगायला काहीतरी असतंच. बायको म्हणते, आधी हात धुवा, मग किस्सा.

*

वैशाखऱ्याजवळच्या एका छोट्या पोल्ट्रीत इंजिन झकास चालत होतं, पण करंट नाही. सेट बरेच महिने पडून होता, त्यामुळे आतलं चुंबकत्वच गेलेलं. बॅटरीच्या वायरी क्षणभर टेकवल्या आणि शेडमधले, पिल्लांना ऊब देणारे बल्ब लागले. पण पिल्लं कुठे होती? थंडीने मरतील म्हणून मालकीणबाईंनी ती घरात आणून सासऱ्यांच्या गोधडीत ठेवली होती.

"लाइट आली, आता न्या शेडात," जनूदादा म्हणाला.

गोधडीतून सासरे कुजबुजले, "हळू बोल रे. आत्ताच झोपलीत."

*

तानसाकडच्या भातगिरणीतला सेट सुरू व्हायचा आणि लगेच बंद पडायचा. पॅनेलवर ऑइल प्रेशर कमी असल्याचा दिवा. गिरणीवाले पांडूकाका म्हणाले, "थकलाय तो. माझ्यासारखा. जरा चाललो की दम लागतो."

जनूदादाने ऑइल पाहिलं, गेज लावून प्रेशर मोजलं. दोन्ही ठीक. सेन्सरची वायर घासून सोलली होती, म्हणून पॅनेलला खोटीच खबर जात होती. वायर बदलल्यावर सेट धडधडत राहिला. काका वाकून बघू लागले.

"म्हणजे इंजिन थकलंच नव्हतं?"

"नाय काका."

दुसऱ्या दिवशी ते आपणहून शहापूरला डॉक्टरकडे गेले. तिथूनच आम्हाला फोन केला. "इंजिन बरं हाय म्हणतो. रक्त कमी हाय."

*

म्हशाच्या जत्रेत भर दुपारी आकाशपाळणा थांबला. रेडिएटरच्या जाळीत धूळ आणि गवत अडकून इंजिन तापलं होतं, आणि तापलं की सेट आपोआप बंद होतो. पार वरच्या पाळण्यात एक म्हातारं जोडपं. खाली त्यांचा मुलगा रडकुंडीला आलेला, "बाबा, आईला धरा!"

आम्ही जाळी साफ केली, इंजिन निवू दिलं. पाळणा खाली आल्यावर मुलगा धावला. "आई, घाबरलीस का गो?"

"नाय रे," आजी पदर सावरत म्हणाली. "लगीन झाल्यापासून हा मानूस पहिल्यांदा माझ्या बाजूला गप बसला. अजून थोडा टाइम लावायचा होता."

*

मुरबाडजवळ एका लग्नात मांडवाची लाइट आणि डीजे सेटवर होते, आणि आम्ही देखरेखीला. नवरी निघायच्या वेळी सेट एकदम बंद. डीजे गप्प.

डिझेल होतं, ऑइल होतं, इंजिन तापलेलं नव्हतं. जनूदादा फिरून पॅनेलच्या बाजूला आला. तिथे नवरीचे वडील, सदाभाऊ, उभे होते. सेट बंद करायचं इमर्जन्सीचं लाल बटण त्यांनी हाताखाली दाबून धरलं होतं. पलीकडेच गाडीच्या दाराशी त्यांची लेक आईच्या गळ्यात पडून काहीतरी सांगत होती.

जनूदादाने बटणाकडे हात नेला. सदाभाऊंनी तो धरला.

"राहू दे रे जरा. डीजेत पोर काय बोलते ते ऐकू येत नाय."

मांडवातून कोणीतरी ओरडलं, "ओ जनरेटरवाले, काय झालं?"

"फॉल्ट शोधतोय," जनूदादा म्हणाला, आणि हातातला पाना त्याने खाली ठेवला.